मधल्या रेषेच्या अलीकडे

दफन शनिवारी झालं आणि सोमवारी सकाळी कर्स्टन भांडी परत करायला निघाली.

वॉलबर्गमध्ये कुणी गेलं की त्या घरी भांडी येतात. काचेचं चौकोनी पात्र, वर चांदीचा कागद, आत हॅम घातलेले बटाटे नाहीतर कोंबडी घातलेल्या नूडल्स, आणि बुडाला चिकटपट्टीवर पेनने लिहिलेलं नाव. अन्न संपो न संपो, पात्र घासूनपुसून आठवड्याच्या आत ज्याचं त्याच्या दारात पोचवायचं. कर्स्टनच्या आईने, लव्हॉन हार्म्सने, हे काम कधी तिसऱ्या दिवसापलीकडे जाऊ दिलं नव्हतं. कर्स्टन एकोणचाळीस वर्षांची होती, सीडर रॅपिड्स शहरात वाचनालयात नोकरीला होती, आणि गावात तिच्याकडून कुणाची फारशी अपेक्षा नव्हती. तरी भांड्यांच्या बाबतीत तरी मागे बोलणं यायला नको, असं तिला वाटत होतं.

एकूण अकरा भांडी होती. नववं आर्लिस व्होसचं.

आर्लिस आईच्या वर्गातली. लग्न केलं नाही, चौतीस वर्षं गावचं पोस्ट सांभाळलं, आता गुडघ्यांमुळे घरातच असे. दार उघडून तिने आधी पात्राच्या बुडाकडे पाहिलं, मग कर्स्टनकडे.

“ये. बूट राहू देत. बर्फ आत आलं तर येऊ दे, फरशी माझी आहे.”

“बटाटे छान झाले होते.”

“खाल्लेस?”

“थोडे.”

“खोटं बोलू नकोस. तुझ्या आईलाही माझे बटाटे आवडायचे नाहीत. चर्चच्या जेवणाला ‘छान, छान’ म्हणत ती ते तुझ्या बापाच्या ताटात सरकवायची. आणि तो बिचारा खायचा.”

तिने कॉफी ओतली. टेबलावर गावचं साप्ताहिक होतं, मृत्युलेखाचं पान वर येईल असं दुमडलेलं. आर्लिसने चश्मा लावला.

“हे तू लिहिलंस?”

“हो.”

“सगळं?”

“सगळं. का हो?”

“चांगलं लिहिलंयस. शहरातलं वाटतं. फक्त हे एक बघ.” तिने बोट ठेवून वाचलं, एकेक शब्द सुटा करून, पत्ता वाचावा तसं. “‘१९६८ सालच्या जिल्हा अंतिम सामन्यात अखेरच्या क्षणी बास्केट करून लव्हॉनने वॉलबर्गला डनमोरवर एका गुणाने विजय मिळवून दिला.’” मग चश्म्यावरून पाहिलं. “पोरी, तो बास्केट माझा आहे.”

कर्स्टनने कप खाली ठेवला.

“बाबा नेहमी म्हणायचे...”

“काय म्हणायचा?”

“की तुझ्या आईने डनमोरला हरवलं. एका गुणाने.”

“मग खरंच म्हणायचा. हरवलं तिनेच. पण बास्केट? अगं, ती गार्ड होती!”

कर्स्टनच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिला हे माहीत होतं. आयोवातल्या लहान गावात जन्मलेल्या कुठल्याही मुलीला माहीत असतं. त्या काळी मुलींचं बास्केटबॉल सहाजणींचं असे. तीन फॉरवर्ड मैदानाच्या एका अर्ध्यात, तीन गार्ड दुसऱ्या अर्ध्यात, आणि मधली रेषा कुणी ओलांडायची नाही. गुण मिळवायचे ते फॉरवर्डनी. गार्डनी फक्त समोरच्या संघाला अडवायचं. गार्डच्या अर्ध्यात जो बास्केट टांगलेला असे, त्यात चेंडू टाकायचा हक्क समोरच्या संघाचा. वॉलबर्गच्या शाळेने हा खेळ सोडून पाचजणींचा घेतला तेव्हा कर्स्टन पहिलीत होती. तोवर आईच्या शेजारी बाकावर बसून तिने तो पाहिला होता. म्हणजे मांडीवर पुस्तक ठेवून, शिट्टी वाजली की मान वर करत.

नियम तिला माहीत होता आणि बाबांचं वाक्यही माहीत होतं. दोन्ही इतकी वर्षं डोक्यात वेगवेगळ्या खोल्यांत राहत होती. अंत्यसंस्कारवाल्यांच्या कचेरीत त्यांनी छापील कागद पुढे केला, त्यावर ‘विशेष’ अशी एक रिकामी जागा होती, आणि तिने दहा मिनिटांत ती भरून टाकली. ते वाक्य जमलं म्हणून तिला जरा बरंसुद्धा वाटलं होतं.

“हे सगळ्यांनी वाचलं असेल,” ती म्हणाली.

“तर काय. गावात दुसरं वाचायला असतं काय?”

“शनिवारी दोनशे माणसं होती. कुणी एक शब्द बोललं नाही.”

“आई गेलेल्या पोरीची चूक कोण काढणार? इथे तसं करत नाहीत.” आर्लिसने साखर ढवळली. “मलाही सोमवारपर्यंतच धीर निघाला.”

छापलेलं साप्ताहिक परत आणता येणार नव्हतं, आणि तेवढ्यावर भागलं असतं तर कर्स्टनने ते सोसलंही असतं. पण शुक्रवार अजून यायचा होता. शुक्रवारी वॉलबर्गच्या शाळेच्या जिममध्ये बास्केटबॉलचा शेवटचा सामना होता, तोही शेजारच्या डनमोरशीच. ऑगस्टपासून दोन्ही शाळा एक होणार होत्या आणि पोरं चौदा मैल बसने जाणार होती. सामन्याआधी शाळेच्या जुन्या खेळाडूंपैकी गेलेल्यांची नावं वाचायचं ठरलं होतं, प्रत्येकाच्या नावापुढे दोन-तीन ओळी. आईच्या ओळी मृत्युलेखातूनच उचललेल्या होत्या.

मंगळवारी ती धान्याच्या कोठारावर गेली. तिथला व्यवस्थापक ड्वेन तिच्या वर्गातला. जिममधला माईक गेली पंधरा वर्षं त्याच्याच हातात होता. तो टेबलावर पाय टाकून सँडविच खात होता. तिला पाहून पाय खाली घेतले.

“आर्लिस बोलली वाटतं,” तो म्हणाला.

“तुलाही माहीत होतं?”

“कर्स्टन, माझी आजी गार्ड होती.”

“मग तू शुक्रवारी काय वाचणार होतास?”

“तू लिहिलंस ते.”

“चुकीचं आहे हे माहीत असून?”

“तू आम्हाला बातमी दिलीस, ती वाचायची. चूक काढणारा मी कोण?” मग तो जरा नरमला. “हे बघ, ती ओळ काढून टाकतो. ‘लव्हॉन ब्रून, चार वर्षं संघात.’ माहेरच्या नावाने, सरळ, साधं. कुणाला काही वाटणार नाही.”

“कुणाला काही वाटणार नाही, हीच तर भानगड आहे. आर्लिसचं काय वाचशील, ती गेली की?”

“दोन हजार नऊशे चार गुण,” ड्वेन एका दमात म्हणाला.

“आणि आईचं?”

त्याने सँडविचचा कागद गोळा करून डब्याकडे फेकला. नेम चुकला. “गार्डचं काही मोजत नसत गं. गुरुवारी रात्री आठपर्यंत मला लिहून दे. जे देशील ते वाचतो. एवढंच कर, लांबड नको. मागच्या वेळी पाद्रीबाबाने स्वतःच्या भावावर दोन पानं दिली होती, दोन्ही संघ सराव करून करून दमले.”

गार्डचं काही मोजत नाहीत हे सर्वस्वी खरं नव्हतं. बुधवारी शाळेच्या कचेरीत कारकूनबाईंनी तिला जुन्या वह्यांचा खोका काढून दिला. ऑगस्टपर्यंत त्याला जागा कुठे करायची हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळे तो कुणी पाहायला मागतंय याचंच बाईंना बरं वाटलं. सामन्यागणिक एक पान होतं. डाव्या बाजूला नावं, त्यापुढे चौकोन. फॉरवर्डच्या चौकोनांत आकड्यांची दाटी. आर्लिसच्या ओळीत तर पेन्सिलला जागा पुरली नव्हती, आकडे समासात गेले होते. खाली तीन गार्ड. त्यांचे चौकोन रिकामे, आणि अगदी शेवटी फाउलसाठी पाच खुणा. एक फाउल झाला की एक खूण खोडायची. पाचही खोडल्या की मुलगी बाहेर.

कर्स्टनने ब्रून, ल. ही ओळ चार वर्षं खाली खाली वाचत नेली. तीन. चार. दोन. चार. चार. तीन. तिच्या धंद्यातच नोंदी वाचणं होतं; किती वेळ गेला हे तिला कळलं नाही. एकूण सदुसष्ट सामने. चार खुणा खोडलेल्या सामन्यांची संख्या एकतीस. पाच खोडलेल्यांची संख्या शून्य.

आईचं म्हणून कुणी चार वर्षं लिहून ठेवलेलं होतं ते एवढंच. तिने किती वेळा नियम मोडला, आणि कुठे थांबली.

बाईंनी विचारलं, “सापडलं का हवं ते?”

“अर्धं,” कर्स्टन म्हणाली.

उरलेलं अर्धं डनमोरला असेल असं तिला वाटलं, कारण आई ज्यांना अडवत होती ती माणसं तिकडची होती. अंतिम सामन्याच्या पानावर समोरच्या संघात एकच नाव जाड अक्षरात होतं, रोझेला क्विस्ट. आता ती रोझेला लुंड होती आणि शाळेची बस चालवत होती. गुरुवारी दुपारी बस जागेवर लावून ती उतरली तेव्हा कर्स्टन तिथे उभी होती. रोझेला अजूनही सहा फुटांच्या वर होती, नुसती पुढे वाकलेली, उंच माणसं म्हातारपणी दाराच्या चौकटींना घाबरून वाकतात तशी.

“लव्हॉन ब्रूनची मुलगी?” ती म्हणाली. “पेपरात वाचलं मी. वाईट वाटलं.” मग थांबून, सभ्यपणे, “बास्केटचंही वाचलं.”

“तेच दुरुस्त करायला आलेय. ती कशी खेळायची ते सांगाल?”

“कशी खेळायची? बाप रे. बोलायची! किती बोलायची ती!”

“माझी आई?”

“तुझी आई. का?”

का, हे सांगणं अवघड होतं. आई फोनवर हवामान सांगे आणि ठेवून देई. बाबा गेले तेव्हा ती आठवडाभरात जे बोलली ते कर्स्टनला पाठ होतं, कारण ते फार नव्हतं.

“घरी ती गप्पच असायची,” कर्स्टन म्हणाली.

“असेल. सगळं माझ्या कानात ओतून संपलं असेल.” रोझेला बसच्या पायरीवर बसली आणि हातमोजे काढले. “तो अंतिम सामना घे. मी तेव्हा सामन्याला एकोणचाळीस गुण करत होते, सरासरी. तुझ्या आईचे चार फाउल झाले, अजून सात मिनिटं बाकी. मी म्हटलं, चला, आता रान मोकळं. अंगाला हात लावला की ही बाहेर. तर तिने काय करावं? दोन्ही हात पाठीमागे बांधले.”

“म्हणजे?”

“असे.” रोझेलाने बसल्या बसल्या करून दाखवलं. “शिपायासारखे. पंचाला लांबून दिसावं म्हणून. आणि माझ्या हनुवटीखाली येऊन उभी राहिली आणि सुरू झाली. त्यांच्या गायीला वासरू झालं होतं, ते उलटं आलं होतं, तिने कोपरापर्यंत हात घालून ते कसं फिरवलं. सगळं, तपशिलासकट! मी चेंडू झेलतेय, दोनदा टप्पा मारतेय, वळतेय, आणि ही आपली, ‘मग बाबा म्हणाले, लव्हॉन, शेपूट धर.’ मी म्हटलं, गप्प बस. तर म्हणते, ‘तुला नाही ऐकायचं तर तुझ्या मोज्याला भोक पडलंय ते तरी बघ, अख्खी जिम बघतेय.’”

“आणि तुम्ही बघितलंत?”

“बघितलं! माझा डावा हात चेंडूवरून सुटला तो तिथे. मी मारला खरा, पण कडेला लागून परत आला. तिने उचलला, दोन टप्पे, आणि मधल्या रेषेपलीकडे असा फेकला की तुमच्या त्या व्होसबाईला नुसता वर ठेवायचा होता. सोळा सेकंद उरले होते. एक्कावन्न-पन्नास. माझे एकवीस.”

“मोज्याला भोक होतं का?”

“नव्हतं!” रोझेला म्हणाली. “पन्नास वर्षं झाली, अजून नवे मोजे घालताना तपासते मी.”

शेतांवरून वारा सुटला होता. पार्किंगमधल्या गाड्यांच्या काचांवर बारीक बर्फ वाजत होतं. कर्स्टनने विचारलं, हे लिहिलं तर चालेल का.

“लिही की. निम्म्यावर रोखलं म्हणून लिही, खरं आहे ते. मोज्याचं नको. उद्या बस मीच आणणार आहे आणि माझी नात संघात आहे. आयुष्यभर छळेल.”

संध्याकाळी आईच्या स्वयंपाकघरात बसून कर्स्टनने तीन कागद फाडले. पहिल्यात वासरू होतं. दुसऱ्यात पाठीमागे बांधलेले हात होते, आणि वाक्य फार छान झालं होतं. त्याच कारणासाठी तिने ते फाडलं. साडेसातला तिने आर्लिसला फोन लावला.

“वाचून दाखवते. चुकलं असेल तर आत्ता सांगा.”

“वाच.”

“‘लव्हॉन ब्रून, गार्ड, १९६५ ते १९६८. सामने सदुसष्ट. गुण शून्य. पाच फाउल होऊन बाहेर गेली असे सामने शून्य. जिल्हा अंतिम सामन्यात डनमोरच्या रोझेला क्विस्टला नेहमीच्या निम्म्यावर रोखलं. विजयाचा बास्केट आर्लिस व्होस यांचा.’”

पलीकडे चश्मा टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

“माझं नाव मधे घेतलं नाहीस तरी चालेल,” आर्लिस म्हणाली.

“घ्यायचंय.”

“मग घे.”

“बाकी?”

“बाकी ठीक आहे. ‘यांचा’ कशाला? ‘हिचा’ म्हण. मी अजून जिवंत आहे.”

शुक्रवारी जिम साडेसहालाच भरली. जे गाव सोडून गेले होते तेही आले होते. बाहेर रस्त्याच्या दोन्ही कडांना चर्चपर्यंत गाड्या लागल्या होत्या. जुन्या संघातल्या पाचजणी तिसऱ्या बाकावर ओळीने बसल्या होत्या, मांडीवर कोट घेऊन. आर्लिसने आपल्या शेजारची जागा पर्स ठेवून धरली होती. कर्स्टन येताच तिने पर्स उचलली. कर्स्टनची बॅग गाडीत होती. मध्यंतरात निघालं तर दहाच्या आत घरी पोचता आलं असतं.

ड्वेनने माईकवर फुंकर मारून पाहिली आणि नावं सुरू केली. साल १९४१ पासून. लोक उभे राहिले. प्रत्येक नावानंतर तो तीन मोजायचा, कर्स्टनला त्याचे ओठ हलताना दिसत होते. मग आईचं नाव आलं. ‘गुण शून्य’ म्हटल्यावर डनमोरच्या बाजूला काही पोरं हसली. मागून कुणी मोठ्या माणसाने चुप केलं असावं, कारण हसू मधेच तुटलं. वॉलबर्गच्या बाजूला कुणी हललं नाही. ‘बाहेर गेली असे सामने शून्य’ यावर तिसऱ्या बाकावरच्या पाचही म्हाताऱ्यांनी एकदम मान हलवली. रोझेला दाराशी उभी होती, हातात बसच्या किल्ल्या. स्वतःचं नाव येताच तिने किल्ल्या वर करून दाखवल्या आणि आता दोन्ही बाजूंनी हसू आलं, मोकळं. आर्लिसच्या नावावर टाळ्या पडल्या. ड्वेनने तीन मोजले आणि पुढचं नाव घेतलं.

झालं होतं. कर्स्टन बसली. तिला वाटलं होतं तसं काही झालं नाही, रडू वगैरे. फक्त पाय हलके झाले, ओझं उतरवून ठेवल्यावर होतात तसे.

सामना सुरू झाला. आर्लिसने पॉपकॉर्न घेतले होते. पहिली काही मिनिटं तिने फक्त पंचांना नावं ठेवली.

“बरं झालं ना?” कर्स्टनने विचारलं.

“छान झालं. ड्वेन नाकात बोलतो, पण छान झालं.”

“या वेळी सगळं खरं होतं.”

आर्लिसने पिशवीत हात घातला आणि बराच वेळ आतच ठेवला. “बहुतेक,” ती म्हणाली.

“बहुतेक म्हणजे?”

“सदुसष्ट नव्हते गं. अडुसष्ट.”

“मी प्रत्येक पान मोजलंय.”

“तिसऱ्या वर्षी नाताळच्या सुट्टीत आम्हाला नदीपलीकडे एका गावाने खेळायला बोलावलं होतं. वही त्यांचीच, त्यांनीच ठेवली. आपल्या खोक्यात कशी असेल?”

“आणि?”

“पाच फाउल. तिसरा डाव संपायच्या आत. बाहेर.” आर्लिसची नजर खेळावरच होती. “जाता जाता पंचाला काहीतरी बोललीही. कोचने तिला परतीच्या वाटेत ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर एकटीला बसवलं. पंचाहत्तर मैल.”

कर्स्टनने बाकावरच्या उरलेल्या चौघींकडे पाहिलं. चौघीही सरळ समोर बघत होत्या, जरा जास्तच सरळ.

“यांनाही माहीत आहे?”

“बसमध्ये होत्या की सगळ्या.”

“आणि मघाशी माना हलवल्या!”

“मग काय करायचं होतं? हात वर करायचे?”

“आर्लिस, मी तुम्हाला काल फोनवर विचारलं होतं. चुकलं असेल तर सांगा म्हटलं होतं.”

“म्हटलं होतंस.”

“मग का नाही सांगितलंत?”

“ते फाउल काही माझे नव्हते,” आर्लिस म्हणाली आणि पॉपकॉर्नची पिशवी तिच्यापुढे केली.

कर्स्टनने मूठभर घेतले. खाली वॉलबर्गची एक सडपातळ मुलगी चेंडू घेऊन इकडून तिकडे धावत गेली आणि तिचा नेम चुकला; सगळी जिम एकदम हळहळली. तो आवाज ओसरेपर्यंत कर्स्टन थांबली.

“पंचाला काय बोलली ती?”

“इथे नाही सांगत. पुढे पाद्रीबाबा बसलेत.”

“कानात सांगा.”

“त्यांचं कानाचं यंत्र नवीन आहे. मध्यंतरात बाहेर चल, सांगते.”

कर्स्टनने फलकाकडे पाहिलं. मध्यंतराला अजून सहा मिनिटं अकरा सेकंद होते.